मुळापासून लिनक्स आणि आजोबांच्या फ्लॉप्या

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. जपानातल्या घराला माळा नसतो, त्यामुळे टाकवत नाही आणि ठेववत नाही अशा सगळ्या वस्तूंची रवानगी त्या खणात होते. डबा उघडला तर आत नऊ फ्लॉप्या, आणि प्रत्येकीवर आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'पत्रे १९९८', 'पत्रे १९९९'...

आजोबा म्हणजे आमच्या मुलीचे आजोबा. निवृत्तीनंतर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते सांगलीला घराजवळच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन मराठी टायपिंग शिकले. आम्ही तेव्हा नुकतेच जपानात आलो होतो. फोन महाग, म्हणून दर महिन्याला त्यांचं टाइप केलेलं चार पानी पत्र यायचं. २००१ साली ते इकडे आले तेव्हा सगळ्या पत्रांच्या फ्लॉप्या बरोबर घेऊन आले. "कागद काय, हरवतात. हे जपून ठेवा," म्हणाले. झालंही तसंच. चार घरं बदलता बदलता कागद हरवले, एकच पत्र उरलं. आजोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लेकीला ते फोटोतच माहीत.

अकिहाबाराच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून फ्लॉपी ड्राइव्ह पैदा केला. नवापैकी सहा फ्लॉप्या वाचता आल्या. मोठ्या उत्साहाने पहिली फाइल उघडली, तर आजोबांच्या जागी भलतंच कुणीतरी बोलायला लागलं! इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली युरोपी अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह. पानंच्या पानं तशीच.

"म्हणजे आजोबांनी नक्की काय साठवून ठेवलंय? मराठी, की हे?" अकरावीतल्या आमच्या लेकीने विचारलं.

आम्ही दोघंही पंचवीस वर्षं कॉम्प्युटरवरच पोट भरतो. तरी या साध्या प्रश्नाला धड उत्तर देता येईना. "तो फॉन्ट आता मिळत नाही," एवढंच कसंबसं सांगितलं.

"ते कळलं गं आई. पण आत काय आहे?"

तिच्या शाळेच्या पासोकोन क्लबातल्या एका सेनपाईने आदल्या वर्षी एक उद्योग केला होता. लिनक्सची संपूर्ण सिस्टिम, एकही तयार वस्तू न घेता, सोर्स कोडपासून बांधली होती. लेकीने जाहीर केलं, "ओशोगात्सुच्या सुट्टीत मी पण बांधणार. मग कळेल आत काय असतं. आणि माझ्या लिनक्समध्ये मराठी चालली पाहिजे." हा लेख त्या सुट्टीचा, आणि नंतरच्या तीन महिन्यांचा.

विरजणाचा प्रश्न

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सगळ्यांना वाचता यावा, बदलता यावा, वाटता यावा, हा त्यामागचा आग्रह. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. गाभा लिनसचा आणि बाकीची बरीचशी हत्यारं ग्नूची, अशी ही जोडी जमली. एरवी लोक ती तयार थाळीसारखी घेतात, म्हणजे कुणीतरी निवडून, शिजवून, वाढून दिलेली. १९९९ साली गेरार्ड बेकमन्स यांनी 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' सुरू केलं. यात सॉफ्टवेअर मिळत नाही, पुस्तक मिळतं. ऐंशीच्या आसपास पॅकेजेसचा सोर्स कोड आपण आणायचा आणि पुस्तकात सांगितल्या क्रमाने एकेक करून बांधायचा. पुस्तकाचा जपानी अनुवादही आहे. लेकीने तोच घेतला, आम्ही इंग्रजी.

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी मूळ आज्ञावली. यंत्राला ती तशीच्या तशी कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. पण कंपायलर हाही शेवटी प्रोग्रामच. मग तो कशाने कंपाइल करायचा?

हा प्रश्न जेवताना निघाला आणि उत्तर ताटातच होतं. दही लावायला आधीचं दही लागतं. आम्ही जपानात आलो तेव्हा पहिलं विरजण दुकानातल्या योगर्टचं लावलं होतं. पहिल्या दिवशीच्या दह्याला त्या योगर्टचीच चव होती. दुसऱ्या खेपेला ती कमी झाली, आणि चार-पाच खेपांनी दही आपल्या घरचं झालं. पुस्तकातली पद्धत अगदी हीच. आधी असलेल्या तयार लिनक्सच्या कंपायलरने एक कच्चा कंपायलर करायचा. त्याने नवी सी लायब्ररी बांधायची, मग तात्पुरती हत्यारं. त्यानंतर जुन्या घराचं दार आतून लावून नव्या घरात शिरायचं आणि सगळं पुन्हा एकदा, पक्कं बांधायचं. जुन्या विरजणाची चव उरू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वेळ मोजायची पद्धतही स्वयंपाकघरातली वाटावी अशी. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, त्यामुळे 'दहा मिनिटं लागतील' असं पुस्तक सांगू शकत नाही. म्हणून बायन्यूटिल्स नावाचं पहिलं पॅकेज आपल्या यंत्रावर बांधायला जितका वेळ लागेल तितकं एक माप धरायचं, आणि बाकीच्यांचा वेळ त्या मापात. आपण नाही का सांगत, वाटी कुठलीही घ्या, पण एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी! आमच्या जुन्या, सेकंडहॅंड लॅपटॉपवर एक वाटी म्हणजे पाच मिनिटं निघाली.

आमचा पराक्रम

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. चौथ्या रात्री लेक झोपायला गेली आणि आम्हा दोघांना तिला मदत करायची हुक्की आली.

पुस्तकात नव्या घराचा पत्ता 'एलएफएस' नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगितलेला आहे. प्रत्येक आज्ञेत तो पत्ता येतो. खिडकी बंद करून नवी उघडली की तो पुन्हा द्यावा लागू शकतो. तो दिला नाही, तर 'नव्या घरात ठेव' या आज्ञेतलं 'नव्या' गळून पडतं आणि सामान जुन्या घरातच जातं. म्हणून पुस्तक बजावतं की हे काम साध्या युजरच्या नावाने करा, सर्वाधिकारी रूटच्या नावाने करू नका. सी लायब्ररीच्या पानावर तर वेगळी चौकट टाकून धोक्याचा इशारा दिलेला आहे. आम्ही अनुभवी माणसं. आम्ही रूट म्हणून शिरलो, पत्ता द्यायचा विसरलो आणि नवी सी लायब्ररी जुन्या लिनक्सच्या डोक्यावर नेऊन आदळली. त्या क्षणापासून यंत्राला कुठलीच आज्ञा समजेना. यादी दाखव म्हटलं तरी एरर, बंद हो म्हटलं तरी एरर.

सकाळी लेकीने पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "शोऽगा नाई," म्हणाली. इलाज नाही. मग शांतपणे सगळं पुसून तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. "आता तुम्ही दोघं फक्त चहा करा," असंही म्हणाली. एरवी हिला एखादी गोष्ट दोनदा करायला सांगितली की घर डोक्यावर घेते. या वेळी मात्र कुरकुर नाही. दुसऱ्यांदा करताना तर प्रत्येक आज्ञा का द्यायची हे ती आम्हालाच समजावत होती. ती म्हणते, पहिल्यांदा मी नुसतं उतरवून काढत होते, वाचलं ते दुसऱ्यांदा.

३१ डिसेंबरच्या रात्री पक्क्या कंपायलरच्या चाचण्या लागल्या. त्या हजारोंनी असतात आणि आमच्या यंत्राला रात्रभर पुरल्या. बाहेर देवळातल्या घंटेचे १०८ टोल पडत होते, आम्ही कोतात्सूत पाय घालून तोशिकोशी सोबा खात होतो आणि पडद्यावर ओळी सरकत होत्या. आमच्या माळेचे मणीही १०८ आणि इथल्या घंटेचे टोलही १०८, हे लेकीला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

यादीत मराठी नव्हती

पक्की सी लायब्ररी बांधून झाली की यंत्राला भाषा द्यायच्या असतात. त्याला लोकेल म्हणतात. वारांची आणि महिन्यांची नावं, चलन, अक्षरांचा क्रम, हे सगळं भाषेगणिक एकेका फाइलीत असतं. सगळ्या भाषा एकदम बसवणारी आज्ञा आहे, पण ती वेळखाऊ. त्यामुळे पुढच्या चाचण्यांना लागतील तेवढ्याच भाषांची एक छोटी यादी पुस्तक देतं. त्या यादीत जपानी आहे, तीही तीन वेगवेगळ्या संकेतांत. मराठी नाही.

"आपली का नाही?" लेकीने विचारलं.

आम्ही म्हटलं, यादीत नाही, सोर्समध्ये बघ. खरंच होती. 'एमआर-आयएन' नावाची फाइल, रविवार-सोमवारापासून जानेवारी-डिसेंबरापर्यंत सगळं भरलेली, कुणीतरी केव्हातरी बसून लिहिलेली. तिने यादीच्या शेवटी स्वतःची एक ओळ वाढवली. मिनिटभरात तिच्या यंत्राला मराठी मिळाली. एवढंसंच काम. पण ती ओळ घातल्याशिवाय मराठी आली नसती.

जपानी त्या यादीत आहे, त्यामागे मोठी खटपट आहे. १९७८ साली जपानने सहा हजारांहून जास्त कांजींना क्रमांक देणारं प्रमाण ठरवलं. त्याच वर्षी तोशिबाने जेडब्ल्यू-१० हा पहिला जपानी वर्डप्रोसेसर जाहीर केला. उच्चार टाइप करायचा आणि यंत्राने सुचवलेल्या कांजींतून निवडायचं, ही आज इथे सगळे वापरतात ती युक्ती त्यात होती, आणि किंमत होती ६३ लाख येन! लिनक्स आलं तेव्हा त्यात जपानी नव्हतीच. पण ती कुणी आणून देईल म्हणून इथले लोक थांबले नाहीत. १९९०च्या दशकात इथल्या हौशी मंडळींनी काळ्या पडद्यावर कांजी दाखवणारा 'कॉन' नावाचा प्रोग्राम लिहिला. जपानीसाठी लागणाऱ्या प्रोग्रामांचा 'जेई', म्हणजे 'जपानीज एक्स्टेन्शन्स', नावाचा संच स्वतः कंपाइल करून वाटला, आणि मदतीची कागदपत्रं जपानीत आणली. सोर्स हातात होता म्हणून हे जमलं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मुळीच नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' म्हणून वाढलं. १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण आलं, आणि युनिकोडमधली देवनागरी त्या घराण्यातलीच आहे. पण छपाईच्या फॉन्टांनी मात्र आपापल्या वाटा धरल्या. आजोबांच्या फ्लॉप्यांचं दुखणं तिथलंच होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

चार मजले

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवं घर स्वतःच्या पायावर उभं राहिलं. पहिल्या खेपेला वाय-फाय चाललं नाही, कारण गाभा कंपाइल करताना त्याच्या ड्रायव्हरवर खूण करायची राहिली होती. दुसऱ्या खेपेला चाललं. लेकीने मोठ्या अपेक्षेने मराठीत तारीख विचारली आणि पडद्यावर नुसते चौकोन आले. जपानीत विचारली, तरी चौकोन. लिनक्सच्या काळ्या पडद्याला फार तर ५१२ आकार ठाऊक असतात. तिथे कांजी आणि देवनागरी एकाच रांगेत बाहेर उभ्या.

मग चित्रांचा पडदा, खिडक्या, माउस, हे सगळं बांधायचं. ते या पुस्तकाच्या पुढच्या भागात येतं आणि त्यात फेब्रुवारी संपला. पण तेव्हा कुठे समजलं की एक मराठी अक्षर पडद्यावर दिसायला चार मजले चढावे लागतात.

पहिला मजला क्रमांकाचा. यंत्र अक्षर साठवत नाही, आकडा साठवतं. प्रत्येक अक्षराचा आकडा युनिकोडने ठरवलेला आहे. 'ॲ' या आपल्या अक्षराला तर स्वतःचा आकडा मिळायला २००८ साल उजाडलं.

दुसरा मजला फॉन्टचा, म्हणजे आकाराचा. आम्ही 'लोहित' बसवला. रेड हॅटने २००४ साली खुला केलेला हा फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केला. लोहित म्हणजे लाल, हे लेकीला सांगितल्यावर तिला कंपनीचं नाव आठवून हसू आलं. एका आकड्याचे दोन आकार असू शकतात, हेही इथेच कळलं. हिंदी वळणाचा 'ल' आणि मराठी वळणाचा 'ल' यांचा आकडा एकच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण म्हणून सांगितले, पण मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगितलं तरच फॉन्ट ते वळण देऊ शकतो. जपानी माणसाला हे समजवावं लागत नाही. कित्येक कांजींचं चिनी वळण आणि जपानी वळण वेगळं आणि आकडा एकच, हे दुखणं त्यालाही आहे.

तिसरा मजला जुळणीचा. 'कि' लिहिताना क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, पण दिसायला वेलांटी आधी हवी. रफार साठवताना आधी येतो आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही हलवाहलव हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती बांधायच्या आधी आम्ही मुद्दाम 'विद्यार्थी' हा शब्द उघडून पाहिला. वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं मोडलेली, रफार बेपत्ता. बांधल्यावर पुन्हा उघडला, तर विद्यार्थी जागेवर!

चौथा मजला टंकनाचा, म्हणजे इंग्रजी किंवा जपानी कळफलकावरून मराठी लिहायची सोय. त्यासाठी आयबस आणि एम-१७-एन अशी दोन नावं पुढे आली. दुसरं नाव कोड्यासारखं आहे. मल्टिलिंग्वलायझेशन या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर एम, शेवटचं एन, आणि मधे सतरा अक्षरं, म्हणून एम-१७-एन. सोर्स उघडला. त्यात मराठीच्या टंकनपद्धतींच्या एक-दोन नाही, कितीतरी फाइली : इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन, मिंग्लिश आणि चक्क 'गमभन'. सगळ्या साध्या मजकुराच्या. ही कळ दाबली की हे अक्षर, अशा ओळी.

आणि हे सगळं कुठलं? लेकीनेच वाचून दाखवलं : त्सुकुबा, जपान.

आम्ही थक्क झालो. मराठी लिहायचं हत्यार पुण्या-मुंबईचं असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. ते निघालं आमच्या घरापासून दीड तासावरचं. त्सुकुबाला इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरी ही सरकारी संस्था होती. २००१ साली ती एआयएसटी या मोठ्या संस्थेत विलीन झाली. तिथले केन्-इचि हांदा आणि त्यांचे सहकारी यांनी इमॅक्स या प्रसिद्ध एडिटरला अनेक भाषा शिकवणारं 'म्यूल' तयार केलं. सुरुवात जपानीच्या गरजेतून झाली होती, पण ते तिथे थांबले नाहीत. थाई, अरबी, देवनागरी, तिबेटी, सगळ्यांना जागा केली. म्यूलच्या आवृत्त्यांना 'गेंजी मोनोगातारी' या हजार वर्षांपूर्वीच्या जपानी कादंबरीतल्या प्रकरणांची नावं आहेत. पहिली 'किरित्सुबो'. १९९७ साली म्यूल इमॅक्समध्ये सामावलं गेलं. इमॅक्समध्ये 'हॅलो' नावाची एक फाइल असते, जगभरच्या भाषांतल्या नमस्कारांची. तिच्यात हिंदीच्या ओळीत 'नमस्ते'बरोबर 'नमस्कार'ही आहे. त्याच मंडळींनी पुढे एम-१७-एन केलं, आणि मग पुण्या-मुंबईच्या, भारतभरच्या लोकांनी त्यात आपापल्या भाषांची भर घातली.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही तिघंही अकिहाबाराहून त्सुकुबा एक्स्प्रेसने गेलो. जलद गाडीने पंचेचाळीस मिनिटं. सुट्टीच्या दिवशी संस्थेत कोण असणार? बाहेरूनच इमारती पाहिल्या. लेकीने कुंपणाकडे बघून जपानी पद्धतीने वाकून नमस्कार केला. तिला हसावं असं आम्हाला वाटलं नाही.

आचारी आणि आचार्य

आता फ्लॉप्या. चार मजले पाहिल्यावर दुखणं कुठल्या मजल्यावर आहे ते उघड होतं. त्या काळच्या फॉन्टांना २५६ जागा मिळत. त्यातल्या निम्म्या इंग्रजीच्या आणि बाकीच्या युरोपी अक्षरांच्या. फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले : अर्धा क, काना, वेलांटी, रफार. प्रत्येकाचा क्रम निराळा. म्हणजे आजोबांच्या फाइलीत आकडे होते युरोपी अक्षरांचे, आणि त्यांना मराठी वेश देणारा फॉन्ट गेल्यावर ती अक्षरं उघडी पडली. लेकीच्या प्रश्नाचं हे उत्तर. आजोबांनी मराठीच लिहिलं होतं, पण यंत्राला ते कधी कळलंच नव्हतं.

उरलेलं एक कागदी पत्र कामाला आलं. तेच पत्र फ्लॉपीवरही होतं. दोन्ही शेजारी ठेवून कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याचा तक्ता करायला तीन शनिवार-रविवार लागले. दोनशेच्या आसपास ओळी झाल्या. वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, हे नियम लेकीला एव्हाना पाठ होते. तिने छोटासा प्रोग्राम लिहिला तो रुबी भाषेत. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांसमोर आणलेली ही भाषाही जपानचीच.

पहिलं पत्र बाहेर पडलं, ते तिने सांगलीच्या आजीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं, कांजी ती जास्त भराभर वाचते. पत्र आत्याच्या लग्नाचं होतं. सगळ्यांचे हिशेब चुकते झाले, पण 'आचार्यांना' द्यायचे शंभर रुपये राहिले, ते दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाऊन दिले, असं काहीतरी.

"आचार्यांना कुठले पैसे गं?" आजी म्हणाली. "कुणी आचार्य-बिचार्य नव्हते लग्नात. आचाऱ्यांना! जिलब्या त्यानेच तळल्या होत्या."

तक्ता काढून पाहिला. चूक आमचीच होती. आजोबांच्या फॉन्टात रफाराचा तुकडा वेगळा आणि 'ऱ्य'मधला तो आडवा र वेगळा. आम्ही दोन्हींना एकच 'र' दिला होता. युनिकोडमध्ये या मराठी अर्ध्या र साठी 'ऱ' हे नुक्तावालं अक्षर घ्यावं लागतं. तक्त्यात एक ओळ बदलली आणि अडतीसच्या अडतीस पत्रांत आचारी, दऱ्या आणि सुऱ्या आपापल्या जागी आले. 'ऱ्य' लिहायला आपल्या बोटांना सोयीची कळ हवी म्हणून लेकीने टंकनाच्या फाइलीची स्वतःपुरती प्रत काढून तिच्यातही एक ओळ घातली. कुणाला विचारावं लागलं नाही.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की पत्रं काढायचं हे काम बाजारातल्या कुठल्याही तयार लिनक्सवर झालं असतं. हे चारही मजले त्यात बांधलेलेच असतात, आणि रोजच्या वापराला आम्हीही तेच वापरतो. स्वतः बांधलेल्या सिस्टिमला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणी आणून देत नाही, प्रत्येक पॅकेज आपणच नव्याने बांधायचं. पण बांधल्याशिवाय कुठल्या मजल्यावर जाऊन दार ठोठवायचं हे आम्हाला कधी कळलं नसतं. आणि 'आपली भाषा यंत्रात असतेच' हा आमचा समजही तसाच राहिला असता. ती असते, कारण पुण्यात, मुंबईत, त्सुकुबात कुणीतरी एकेक ओळ घालून ठेवलेली असते.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी : एक जुना लॅपटॉप घ्या, घरच्या कामाचा नको. तीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. धाडसी आईबापांना रात्री जवळ येऊ देऊ नका. शाळेतल्या मुलाला जपानी पुस्तक आणि आपल्याला इंग्रजी, असं दोघांनी मिळून केलं तर गप्पाही होतात. आमच्या घरी गेल्या पाच वर्षांत झाल्या नव्हत्या इतक्या गप्पा या तीन महिन्यांत झाल्या, त्याही मराठीत.

आणि एक विनंती. १९९०च्या दशकातल्या मराठी फाइली आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील : आईवडिलांची पत्रं, एकांकिका, मंडळाच्या जुन्या अंकांचे लेख. पुढच्या गणेशोत्सवात त्या घेऊन या. बरोबर त्याच मजकुराचं एखादं छापील पान मिळालं तर फारच छान. तक्ता करायला आम्ही बसू, लेकही बसेल. पण उशीर करू नका. आमच्या नऊ फ्लॉप्यांपैकी तीन वाचताच आल्या नाहीत. फॉन्ट गेला तर तक्ता करता येतो, पण फ्लॉपीवरचं चुंबकत्व विरलं की हातात काहीच उरत नाही. त्या तिन्हींवर 'पत्रे २०००' लिहिलेलं आहे.

बाकीची पत्रं लेक दर रविवारी एक याप्रमाणे आजीला वाचून दाखवते. इथे दुपारचे बारा, सांगलीत सकाळचे साडेआठ. आतापर्यंत अकरा झाली.